सातवा थांबा

बाजारचौकातल्या दगडी फरशीवरून गाईडबाई उलट्या चालत होत्या. पाठ रस्त्याकडे, तोंड पाहुण्यांकडे. मागे वळूनही न बघता त्यांनी फुलवाल्याच्या बादल्या चुकवल्या, एका सायकलला वाट दिली, खचलेली फरशी टाळली आणि आपला उजवा हात वर केला.

"तुमच्या डाव्या हाताला, तिसऱ्या मजल्यावर. आधी बघून घ्या, नाव मी मागून सांगते."

तीन माना वर झाल्या. तीनच. एक नवरा-बायको आणि त्यांच्याबरोबर आलेली मावशी, तीही एक गुडघा धरून. एके काळी या चौकात बाईंच्या समोर तीस-तीस माणसं असायची आणि शेवटच्याला ऐकू जावं म्हणून पोटातून आवाज काढावा लागायचा. माणसं तिनावर आली तरी आवाज तिसांचाच राहिला होता.

"दिसली खिडकी? आता नीट बघा. तिला कडी नाही, बिजागरी नाही, मागे खोलीसुद्धा नाही. कारण ती—"

"बाई, जरा हळू बोलाल का?"

बोलणारा त्यांच्या गटातला नव्हता. शेजारीच एक जोडपं त्याच खिडकीकडे मान वर करून उभं होतं. दोघांच्या कानांत वायरी होत्या.

"आम्हीही तेच ऐकतोय," तो माणूस म्हणाला, तसा सभ्यपणे. "पण तुमच्या आवाजात काही ऐकूच येत नाहीये."

बाईंनी त्याच्या हातातला फोन बघितला. पडद्यावर शहराचा नकाशा, त्यावर बारा निळे ठिपके आणि वर ठळक अक्षरांत 'आपलं आपण फिरा'. त्याच्या कानात जी बाई बोलत होती ती गाईडबाईच होत्या. दोन महिन्यांपूर्वी कार्यालयाने त्यांचाच आवाज भरून घेतला होता.

"माफ करा," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी रंगवलेल्या खिडकीची गोष्ट कुजबुजत सांगितली.

"काय म्हणाल्या?" मावशीने भाचीला विचारलं.

फेरी संपवून दुपारी त्या पर्यटन कार्यालयात गेल्या. कार्यालय म्हणजे बसथांब्यामागच्या दोन खोल्या आणि त्यांतली एक मुलगी. मुलगी हुद्द्याने मोठी अधिकारी होती, पण वयाने बाईंच्या निम्मी, त्यामुळे बाईंच्या मनात ती मुलगीच होती.

"बसा ना काकू," मुलगी म्हणाली. तिने उठून स्वतः पाणी दिलं, तेव्हाच बाईंनी ओळखलं की बातमी काही बरी नाही.

"पुढच्या महिन्यापासून रोजची फेरी बंद करायचं ठरतंय. म्हणजे अगदी बंद नाही. मागणी असेल तरच. कुणी मुद्दाम मागितली तर मी तुम्हाला फोन करीन."

"आणि कुणी मागितलीच नाही तर?"

मुलीने टेबलावरचा पेन उचलून पुन्हा होता तिथेच ठेवला. "लोकांना आता आपल्या सवडीने फिरायचं असतं, काकू. वाटलं तर थांबायचं, कंटाळा आला तर बंद करायचं. माणसाला असं मध्येच बंद करता येत नाही ना. आणि आवाज तर तुमचाच आहे की!"

हीच तर पंचाईत होती. दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर बाईंनी त्याच्या चुका काढल्या असत्या, चार ठिकाणी नावं ठेवली असती. आपल्याच आवाजाने आपल्या पोटावर पाय आणला तर भांडायला जायचं कुणाकडे?

"अजून एक," मुलगी म्हणाली. "सहाव्या थांब्यानंतर लोक वाट चुकतायत. त्या पाच पायऱ्या उतरल्यावर तुम्ही 'उजवीकडे वळा' म्हणालात. पूल डावीकडे आहे ना?"

"मी उजवीकडे म्हणणं शक्यच नाही."

"एकच शब्द आहे. शुक्रवारी येऊन बदलून टाका. हे बघा, लोकांनी काय काय लिहिलंय ते छापून ठेवलंय मी—"

"बावीस वर्षांत माझं एक माणूस हरवलं नाही," बाई म्हणाल्या आणि ते कागद न वाचताच त्यांनी पर्समध्ये कोंबले. फेरी बंद होणार हे त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. हे मात्र त्यांना फार लागलं.

काम सुटल्यावर माणसाचं काय होतं हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. ते त्यांच्या दारातच खुर्ची टाकून बसलं होतं.

बाईंचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळं गाव त्यांना पेंटर म्हणायचं. शहरातल्या निम्म्या दुकानांवर त्यांच्या हातची अक्षरं होती. मग आतून दिवा लागणाऱ्या प्लास्टिकच्या पाट्या आल्या आणि एकेक करत जुन्या उतरल्या. पेंटर दुकानोदुकानी गेले आणि उतरवलेल्या पाट्या मागून घेऊन आले. बोळातल्या भिंतीला त्यांनी त्या ओळीने टेकवून ठेवल्या. त्यानंतरची तीन वर्षं ते दारात घडीच्या खुर्चीवर बसून होते. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं." पाट्या भंगारात द्या म्हणून बाई दोनदा म्हणाल्या होत्या. त्यावरही "हं" आणि पाट्या जिथल्या तिथे.

त्या संध्याकाळी बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. मागणी असेल तरच फेरी, आणि मागणी कोण करणार, हेही सांगितलं.

"मीही आता तुमच्याशेजारी खुर्ची टाकते," त्या म्हणाल्या. हसत म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज ऐन वेळी दगा देऊन गेला.

पेंटर त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं."

दुसरी खुर्ची आधीच बाहेर होती, हे बाईंच्या लक्षात आलं नाही. ते अलीकडे रोज दाढी करतात, हे आलं होतं. शर्टाला इस्त्री असते आणि सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा मोठा जग दुपारपर्यंत रिकामा होतो, हेही त्यांनी बघितलं होतं आणि त्यावरून साखरेची तपासणी करायला हवी असा निष्कर्ष काढला होता.

बुधवारी फेरी नसायची. बाईंनी डोक्याला रुमाल बांधला, गॉगल लावला आणि कार्यालयात जाऊन येते असं सांगितलं.

"परत किती वाजता?" पेंटरांनी विचारलं.

तीन वर्षांत त्यांनी असा प्रश्न विचारला नव्हता. "एक वाजेल," बाई म्हणाल्या.

"सावकाश ये," ते म्हणाले.

चौकात येऊन बाईंनी कानात वायर घातली आणि पहिला ठिपका दाबला. 'नमस्कार,' त्यांचाच आवाज म्हणाला, 'आज तुम्ही आणि मी हे शहर पायी बघणार आहोत.' काय तो थाट! इतकं हेल काढून आपण बोलतो हे त्यांना कुणी सांगितलं कसं नाही? तरी त्या निघाल्या. चूक त्यांची नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

"काय गाईडबाई!" पाववाल्याने गॉगलला जराही भीक घातली नाही. "आज चक्क सरळ चालताय? तब्येत बरी आहे ना?"

"औषध चालू आहे," बाई म्हणाल्या आणि पुढे सटकल्या.

सरळ चालणं खरोखर विचित्र वाटत होतं. बावीस वर्षं हा रस्ता त्यांनी मागे पडताना बघितला होता, आणि तोही पाहुण्यांच्या खांद्यांवरून. त्यांचं लक्ष चेहऱ्यांवर असायचं. कोण दमलं, कोण कंटाळलं, कुणाला चप्पल चावतेय. आज समोर चेहरे नव्हते. रंगवलेल्या खिडकीत एक रंगवलेलं मांजर होतं. ते त्या रोज दाखवायच्या, पण त्याची शेपटी खिडकीबाहेर लोंबतेय हे त्यांनी आज बघितलं. त्या तिथे जरा जास्तच रेंगाळल्या. फोनमधली बाई काही बोलली नाही, थांबून राहिली. हे एक बरं होतं, हे त्यांना कबूल करावं लागलं.

सहावा थांबा झाला आणि पाच पायऱ्या आल्या.

'जपून उतरा,' कानातला आवाज म्हणाला. 'आणि उजवीकडे वळा.'

बाई तिसऱ्या पायरीवरच थांबल्या. स्वच्छ म्हटलं होतं, उजवीकडे.

आवाज भरला ती खोली कपाटाएवढी होती. भिंतींना गादी, समोर माईक. बसून बोलणं जमेना म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि मनातल्या मनात पाहुण्यांना समोर घेऊन उलट्या चालू लागल्या. त्यांचा उजवा हात वर जायचा आणि तोंड 'डावीकडे' म्हणायचं, डावा गेला की 'उजवीकडे'. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की विचारच करावा लागत नसे. सगळ्या वाटेत एकच जागा अशी होती जिथे त्या तोंड फिरवून सरळ चालायच्या, कारण उलटं उतरलं तर मान मोडेल. त्या पायऱ्यांवर त्यांचा डावा तोच पाहुण्यांचाही डावा. पण गादीच्या खोलीत पायऱ्या नव्हत्या. त्या वळल्याच नाहीत. डावा हात वर गेला आणि तोंडाने आपलं रोजचं काम केलं.

म्हणजे चूक त्यांचीच होती. दोन महिने त्या माणसांना हात धरून चुकीच्या वाटेला लावत होत्या. कोणत्या वाटेला, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. पायऱ्यांच्या उजवीकडे एकच बोळ होता. तो पुढे कुठेही जात नव्हता आणि त्याच्या शेवटी त्यांचं घर होतं.

त्या उजवीकडे वळल्या. कानातला आवाज चालूच होता.

'आता थांबा. समोर बघा. आधी बघून घ्या, नाव मी मागून सांगते.'

बोळात माणसं होती. दोन मैत्रिणी, एक टोपीवाले गृहस्थ आणि त्यांची मोठी मुलगी. चौघांच्याही वायरी कानातून काढून गळ्यात लोंबत होत्या. त्यांच्यापुढे, भिंतीला टेकवलेल्या पाट्यांपाशी, इस्त्रीच्या शर्टात पेंटर उभे होते.

'दिसायला तसा साधाच आहे,' आवाज म्हणाला. 'नक्षी नाही, ऐट नाही. रोज येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडे बघतही नाहीत. खरं सांगते, मीही रोज जवळून जायचे, पण कधी नीट बघितलं नव्हतं.'

बाईंचा हात वायरीकडे गेला आणि तिथेच राहिला.

'वरचा रंग उडालाय, त्याकडे जाऊ नका. इतकी वर्षं सगळ्यांचा भार घेतलाय, पण कधी कुरकुर नाही. जवळ जा. हात लावलात तरी चालेल.' मग नेहमीची ती थोडीशी शांतता. 'हा आपला जुना पूल.'

बाईंनी वायर काढली.

"दातांच्या डॉक्टरांना पाटीवर हसरा दात हवा होता," पेंटर सांगत होते. आवाज खरखरीत होता, पण अडत नव्हता. "मी म्हटलं, डॉक्टर, दाताला हसवायचं म्हणजे त्याच्या तोंडात दात काढावे लागतील. दाताला दात कुठून आणू? ते म्हणाले, पैसे दात काढायचेच घेतो मी, तुम्ही काढा."

मैत्रिणी खळखळून हसल्या. बाईंनी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. त्या दाताखालून त्या पंधरा वर्षं उलट्या चालल्या होत्या. आपल्या घरचं काय सांगायचं, लोकांना वाटेल मिरवतेय, म्हणून पाहुण्यांना त्यांनी त्या पाट्यांतली एकही दाखवली नव्हती.

"आणि ही शिंप्याची," पेंटर पुढच्या पाटीपाशी वाकले. "हिच्यात एक चूक आहे. सापडते का बघा."

चौघं वाकली. टोपीवाल्या गृहस्थांनी चष्मा पुसला. "ही शेवटची रेघ तिरकी आहे का?"

"बरोबर. त्या दिवशी आमच्या हिची पहिली फेरी होती. मी शिडीवर होतो, ब्रश हातात. बघतो तर ही चौकातून उलटी चालत येतेय, तोंडाची टकळी चालू, आणि मागे सरळ माझी शिडी. मला वाटलं, आता आपटते. हाक मारावी तर पाहुण्यांपुढे शोभा होणार." त्यांनी तिरक्या रेघेवरून बोट फिरवलं. "नाही आपटली. बरोब्बर वळसा घालून गेली. मागे बघितलंसुद्धा नाही. माझीच रेघ तिरकी झाली. शिंपी म्हणाला, दुरुस्त कर. मी म्हटलं, ती तशीच राहू दे."

बाईंनी मान उंचावून ती रेघ बघितली. पहिल्या दिवशी त्यांना इतकी धडकी भरली होती की चौक, शिडी काहीच आठवत नव्हतं. वर कुणी होतं, हे त्यांना बावीस वर्षांनी कळत होतं.

"मग त्या अजून फेरी घेतात?" गृहस्थांच्या मुलीने विचारलं.

"घेतात तर! तुमच्या कानात कोण बोलतंय मघापासून?"

"अय्या!" दोघी मैत्रिणी एकदमच म्हणाल्या आणि एकीने गळ्यातली वायर हातात धरून बघितली.

"पण ते नुसता आवाज ऐकणं झालं," पेंटर म्हणाले. "तिच्याबरोबर फिरा एकदा. बसथांब्यामागे कार्यालय आहे, तिथे मागणी करायची. आपणहून मागावी लागते हां. विसरू नका."

बाईंच्या पर्समध्ये फोन थरथरला. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"काकू," कार्यालयातली मुलगी घाईत होती, "शुक्रवारी अकराला जमेल ना? एका शब्दाचं काम. आणि कालपासून तीन मागण्या आल्यात तुमच्या फेरीसाठी. सगळे म्हणतात, सातव्या थांब्यावरच्या काकांनी सांगितलं. ते कागद वाचलेत का तुम्ही? त्यातही तेच. वाट चुकलो, पण सातव्या थांब्यावरचे काका फार आवडले. सातव्यावर तर पूल आहे. तिथे काका कोण?"

"शब्द आहे तोच राहू दे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यापुढचं मी नव्याने सांगते. आणि पुलाला आठवा कर."

"मग तेरा ठिपके होतील!"

"होऊ देत," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पाहुणे आता पुढे निघाले होते. पेंटर सगळ्यांच्या पुढे होते. पाववाल्याच्या जुन्या पाटीबद्दल काही सांगत होते, पण त्यांचं तोंड पाटीकडे आणि पाठ माणसांकडे होती. टोपीवाले गृहस्थ कानामागे हात धरून ऐकायचा प्रयत्न करत होते.

बाईंनी गॉगल काढला.

"अहो," त्यांनी हाक दिली. आवाज तीस माणसांचाच निघाला. "तोंड इकडे करून बोला. मागे ऐकू येत नाहीये."

पेंटर गर्रकन वळले. चोरी पकडली गेल्यासारखे त्यांचे कान लाल झाले. एक वाजायला अजून दीड तास होता. ते काहीतरी म्हणणार होते, पण बाईंनी मान हलवली आणि त्या शेवटच्या मैत्रिणीच्या शेजारी जाऊन, पर्स पोटाशी धरून, पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या.

"तुम्हीपण चुकलात का इथे?" मैत्रिणीने कुजबुजत विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "मीच चुकले."

पेंटरांनी घसा साफ केला. मग तोंड माणसांकडे ठेवून त्यांनी एक पाऊल मागे टाकलं, आणखी एक टाकलं. एक हात भिंतीला चाचपत होता. दुसरा त्यांनी वर केला.

"तुमच्या उजव्या हाताला," ते म्हणाले. पाच माना उजवीकडे वळल्या. तिथे कोरी भिंत होती. बाईही तिच्याकडे मन लावून बघत राहिल्या.

"म्हणजे डाव्या," पेंटर म्हणाले आणि हसले. ते दोन्ही हात वापरून बोलू लागले, भिंत सुटली, पावलं मागे मागे पडत राहिली.

"जपून," बाई म्हणाल्या. "मागे पायरी आहे."

पेंटरांनी मागे बघितलं नाही. माणसांच्या खांद्यांवरून त्यांनी फक्त बाईंकडे बघितलं.

"किती?"

"एकच."

"हं," ते म्हणाले आणि त्यांनी मागे पाय टाकला.